वाफ आणि तिची दोन पुस्तकं

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळ्या जणी वाफ म्हणत. तोंडावर नाही, पण फार लपूनछपूनही नाही. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती, कारण नाव काही खोटं नव्हतं. ट्रॉली दारात आडवी दिसली, किंवा ऑपरेशनचे हिरवे झगे वॉर्डातल्या चादरींत मिसळलेले दिसले, की तिचा आवाज यंत्रांची घरघर कापत पार शेवटच्या बाईपर्यंत जायचा. तेवढ्याच लवकर तो निवायचाही. जिला झापलं, तिलाच थोड्या वेळाने चहा पाजायची.

पुस्तकांच्या बाबतीत तिला जो राग आला, तो मात्र निवला नाही.

धुलाईखान्याची सुपरवायझर होण्याआधी ती तिथेच चादरींच्या घड्या घालत होती. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. थोरल्या भावाच्या घरी राहायची. दादा जमीन-मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला, वहिनी घर सांभाळणारी, दोन खोल्या आणि एक बंदिस्त गॅलरी. त्या गॅलरीत, वाळणाऱ्या कपड्यांखाली मान घालून, ती कामावर जाण्याआधी लिहीत बसायची. अंगावर ओल्या टॉवेलाचं पाणी ठिबकायचं. वहिनी विचारायची, "काय गं, काय एवढं खरडतेस?" तर म्हणायची, "काही नाही, डोकं हलकं करतेय."

डोकं हलकं करता करता कादंबरी झाली. धुलाईखान्याचीच. यंत्रात हात सापडलेल्या एका बाईची, आणि तो अपघात तिच्याच निष्काळजीपणावर कसा ढकलला गेला त्याची. कादंबरी एका प्रकाशकाकडे गेली आणि त्याने, कोणाला वाटलं नव्हतं, ती स्वीकारली.

प्रकाशक सभ्य माणूस होता. हळू बोलायचा, आल्यागेल्याला खुर्ची द्यायचा, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पेन्सिलीचं टोक न्याहाळत बसायचा. तो म्हणाला, "बाई, तुमचं पुस्तक आम्ही हार्डबाउंड काढणार. पहिलंच आहे, पण मानाने येऊ दे. पेपरबॅक काय, आज आहे, उद्या रद्दीत."

खरं सांगायचं तर तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. पुस्तक आलं तेही तसंच. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, त्यावर सोनेरी अक्षरं, वर गुळगुळीत वेष्टन, आत खुणेची रेशमी फीत. दादाने एक प्रत बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काचेतूनच पुस्तक दाखवायचा. "आमच्या हिचं. हात लावून बघा म्हटलं असतं, पण हाताचे डाग पडतात हो."

एक प्रत तिने धुलाईखान्यात नेली. बायकांनी हात धुतले, पुसले, एकेकीने पुस्तक हातात घेतलं, नाव वाचलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुस्तक परत दिलं.

"अगं, घेऊन जा ना घरी. वाचायला आणलंय," ती म्हणाली.

मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी बाई, जिला सगळ्या रोलरवाली म्हणत, तिने मान हलवली. "हे मी बसमध्ये धरू कशी? एक हात दांडीला असतो माझा. एका हाताने ही फळी धरायची म्हणजे मनगट जाईल."

"मांडीवर ठेव."

"बसायला मिळालं तर ना! आणि पिशवीत डबा सांडला, भिजलं, तर तू परत मला झापायला मोकळी."

"नाही झापणार. भिजलं तर भिजलं."

"आत्ता म्हणतेस तसं," रोलरवाली म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. वाफही हसली. पुस्तक तिच्या टेबलाच्या खणात जाऊन पडलं.

एका साप्ताहिकात परीक्षण आलं. परीक्षणकाराने बांधणी देखणी आहे, कागद डोळ्यांना सुखावणारा आहे आणि निर्मिती प्रकाशनसंस्थेच्या लौकिकाला साजेशी आहे असं लिहिलं होतं. कादंबरीबद्दल दोन वाक्यं होती. त्यातल्या एकात धुलाईखान्याला त्याने कापडगिरणी म्हटलं होतं.

"गिरणी!" वाफ गॅलरीत ओरडली. "मेल्याने पुस्तक वाचलं की नुसतं वजन केलं?"

"नाव तर बरोबर छापलंय ना तुझं," दादा म्हणाला. त्याने तो कागद कापून काचेच्या कपाटात पुस्तकाशेजारी उभा करून ठेवला.

राग तिथून सुरू झाला. मग एका सुट्टीच्या दिवशी ती गावातल्या मोठ्या ग्रंथालयात गेली. प्रकाशक म्हणाला होता, तुमच्या प्रती ग्रंथालयांत गेल्यात, तिथे वाचक असतात. तिला बघायचं होतं, पुस्तकावर किती हात फिरलेत. तिने आपलं नाव न सांगता पुस्तक मागितलं. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"ते घरी नेता येणार नाही. संदर्भ विभागात आहे."

"कादंबरी संदर्भात?"

"महागडी पुस्तकं आम्ही बाहेर देत नाही. लोक पानं दुमडतात, हरवतात. भरून कोण देणार? इथे बसून वाचा हवं तर. पाचला बंद होतं."

"आणि जिची ड्यूटीच पाचला सुटते तिने?"

"तिने पेपरबॅक विकत घ्यावी."

"पेपरबॅक निघालेलीच नाही!"

"मग मी काय करू बाई?" ग्रंथपाल म्हणाल्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं होतं? पण वाफेच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिने कपाट उघडायला लावलं. पुस्तक जसं छापखान्यातून आलं तसंच होतं. खुणेची फीत अजून कडक, आतल्या आत गुंडाळलेली. तिने ती ओढून मधल्या एका पानावर लोंबती ठेवली, निदान कोणीतरी इथवर आलं होतं असं तरी दिसावं. बाहेर पडताना तिचे कान तापले होते.

दुसऱ्याच दिवशी ती प्रकाशकासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"माझं पुस्तक पेपरबॅकमध्ये काढा."

"काढू की. आपली पद्धत ठरलेली आहे. हार्डबाउंडची आवृत्ती संपली की लगेच स्वस्त आवृत्ती."

"संपणार कशी? घेणाऱ्याला परवडत नाही, ग्रंथालयवाले कुलपात ठेवतात. ती कधीच संपणार नाही."

प्रकाशकाने पेन्सिलीचं टोक बघितलं. "म्हणजे मागणी नाही. मागणी नसेल तर पेपरबॅक तरी कोण घेईल?"

"अहो, दाराला कुलूप लावायचं आणि कोणी आत येत नाही म्हणून ओरडायचं, असं चाललंय तुमचं!"

"तुम्ही चिडताय. साहजिक आहे. लेखक माणूस हळवा असतो."

हळवा म्हटल्यावर तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिशवीतून दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित काढून टेबलावर ठेवलं. प्रकाशकाने ते दोन बोटांनी स्वतःच्या बाजूला ओढलं आणि म्हणाला, वाचतो, पण पहिलीच्या प्रती गोडाऊनमध्ये असताना दुसरी काढणं कठीण. पहिली जरा हलू द्या.

म्हणजे पहिली हलत नाही म्हणून पेपरबॅक नाही, पेपरबॅक नाही म्हणून पहिली हलत नाही, आणि या सगळ्याच्या पायी दुसरीही अडली. ही दुसरी तिला पहिलीपेक्षा जवळची होती. धुलाईखान्यात राबून मुलीला नर्स करणाऱ्या एका आईची ती गोष्ट. मुलगी त्याच इस्पितळात लागते आणि एक दिवस भर व्हरांड्यात, डॉक्टरांच्या घोळक्यात उभी असताना, चादरींची ट्रॉली ढकलत येणाऱ्या आईला ओळख देत नाही. ही गोष्ट बायकांनी वाचावी, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, उभ्याउभ्या वाचावी, यापलीकडे वाफेला काही नको होतं. पण बायकांपर्यंत ती जाणार कशी?

बसथांब्याजवळ एक पुस्तकांचा स्टॉल होता. ती तिथे रोज थांबायची आणि दोरीला टांगलेल्या पातळ पुस्तकांकडे दात-ओठ खात बघायची. त्या संध्याकाळी तिथे एक काटकुळा माणूस उभा होता. स्टॉलवाल्याची पाठ वळली की तो मागच्या रांगेतली काही पुस्तकं काढून पुढे लावायचा. स्टॉलवाल्याने वळून बघितलं आणि हसला.

"काका, राहू द्या. तुमचीच आहेत, मी लावतो पुढे." मग वाफेला म्हणाला, "ताई, हे मोठे लेखक आहेत बरं का. हे सगळं ह्यांचंच." त्याने रहस्यकथांच्या अख्ख्या ओळीवर हात फिरवला.

वाफेने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढी पुस्तकं? आणि सगळी पेपरबॅक?"

"दुसरं काय मिळणार आम्हाला?" रहस्यकथावाला म्हणाला. "तुम्ही लिहिता?"

"लिहिते. माझं हार्डबाउंड आहे." तिला ते वाक्य शिवीसारखं वाटत होतं. पण त्या माणसाचे डोळे असे चमकले, जणू तिने घरात हत्ती बांधलाय म्हणून सांगितलं.

"पुठ्ठ्याचं? कापडी पाठ? सोनेरी अक्षरं?"

"हो."

"आणि तोंड असं पाडून उभ्या आहात!"

स्टॉलवाल्याने दोघांना चहा दिला आणि फळीशी उभ्या उभ्या दोघांची जुंपली. ती म्हणाली, तुम्हाला वाचणारे आहेत, बसमध्ये माणसं तुमच्यात डोकं खुपसून बसलेली असतात, थांबा चुकवतात. तो म्हणाला, वाचतात आणि सीटवर टाकून उतरतात. तुमचं परीक्षण आलं ना? माझं एकाही पुस्तकाचं कधी आलं नाही. एकदा एका पारितोषिकासाठी पुस्तक पाठवलं होतं. नियमच होता, पुठ्ठा बांधणी हवी. "मी म्हटलं, वाचून तर बघा. त्यांनी ते हातात घेतलं, असं वाकवलं, आणि परत दिलं. उघडलंसुद्धा नाही. वाकतंय म्हणजे पुस्तक नाही!"

"आणि माझं वाकत नाही म्हणून कोणी उघडत नाही!"

"कपाटात तर आहे? तुमच्या नातवंडांना सापडेल."

"मला नातवंडं नाहीत. मला आत्ता वाचणारी माणसं हवीत."

"मला उद्या हवीत," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या पहिल्या पुस्तकाची एकही प्रत शिल्लक नाही. माझ्याकडेसुद्धा. पानं गळून गेली. त्यात काय होतं ते अर्धं मलाच आठवत नाही. आणि ते तर मी मन लावून लिहिलं होतं."

तिला त्याच्यावरही राग आला, एवढं मुकाट्याने सोसल्याबद्दल. पण दोन दिवसांनी तीच त्याला शोधत स्टॉलवर आली आणि म्हणाली, "तुमच्या प्रकाशकाकडे घेऊन चला."

तो प्रकाशक छापखान्याच्या वरच बसायचा. टेबल थरथरत होतं, चहाच्या कपात लहरी उठत होत्या. हा माणूस हळू बोलत नव्हता, त्याला तेवढी सवड नव्हती. तिने दुसऱ्या कादंबरीची घरची प्रत दिली होती; ती त्याने एका रात्रीत वाचली होती, हे मात्र त्याच्या बोलण्यावरून कळलं.

"गोष्ट पकडून ठेवते. बाया रडतील. छापतो. पण जाडी कमी करा, तिसरा भाग काढावा लागेल."

"कुठला तिसरा भाग?"

"कुठलाही. आमच्या पुस्तकांचे फॉर्म ठरलेले आहेत. सोळा-सोळा पानांचा एकेक फॉर्म, ठरल्यापेक्षा एक वाढला तरी किंमत वाढते आणि स्टॉलवाला दोरीला लावत नाही. आणि मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची बाई घेऊ. डोळ्यांत पाणी."

"धुलाईखान्यात केस मोकळे सोडून फिरलं तर यंत्र केसांसकट डोकं ओढून नेईल! टोपी घालतात तिथे. टोपी!"

"टोपी घातलेली बाई कोण विकत घेतं?"

रहस्यकथावाला कोपऱ्यातून खुणेने गप्प राहा सांगत होता. वाफ गप्प राहिली नाही. तिने त्याच्या टेबलावर मूठ आपटली, कपातला उरलासुरला चहा त्याच्या कागदांवर सांडवला, एकाला पुठ्ठा विकायचाय आणि दुसऱ्याला केस, माझी कादंबरी कोणाला नकोच आहे, असं म्हणाली आणि जिने उतरून गेली.

आणि नेमकं तेव्हाच पहिल्या प्रकाशकाचा फोन आला. तोही इस्पितळात, तिच्या टेबलावर, ओल्या चादरी तोलून घ्यायच्या वेळी. एका मोठ्या संस्थेने आपल्या ग्रंथालयांसाठी नव्या कादंबऱ्या मागवल्या होत्या. हार्डबाउंडच हव्या होत्या. त्यात तिची दुसरी बसवता येईल, मात्र काही वर्षं स्वस्त आवृत्ती काढणार नाही असं लिहून द्यावं लागेल. "नाव टिकेल तुमचं. पारितोषिकालाही पाठवू. स्टॉलवर लागलात तर मग आम्हाला तुमच्यासाठी बोलता येणार नाही."

दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याने संध्याकाळी आपल्या कचेरीतल्या एका जुन्या मित्राला घरी बोलावलं. ते गृहस्थ वाचणारे होते. काचेपलीकडचं पुस्तक बघून म्हणाले, "अरे, काढ की ते. बघू तरी बहिणीने काय लिहिलंय."

दादाने नाइलाजाने किल्ली काढली. गृहस्थ खुर्चीत टेकून वाचायला लागले. पाहुणा खरंच वाचतोय हे बघून वाफ दारातच थबकली. थोड्या वेळाने ते अडले. बोटाने पान उलटायला गेले, ते उलटेना.

"ही पानं जोडलेलीच आहेत रे. वरची घडी कापायची राहिलीय बांधणीत." त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरून आत डोकावून बघितलं. "पुढची पण. अख्खा फॉर्म बंद आहे. सुरी आहे का?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली.

"दादा," वाफ म्हणाली, "तू म्हणाला होतास, वाचून काढलं, डोळ्यांत पाणी आलं."

"अगं, सुरुवात वाचली होती..."

"हात यंत्रात सापडतो ते ह्याच पानांत आहे. तिथेच आहे. ते वाचल्याशिवाय पाणी कशाने आलं तुझ्या डोळ्यांत?"

"इतकं सुंदर पुस्तक, मला वाटलं, उघडून पाठ मोडेल. जपलं ना मी? धुळीचा कण बसू दिला नाही."

"जपलंस! मेलेल्या माणसाचा फोटो जपावा तसं जपलंस!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मान होता तो, म्हणून ठेवलं!"

"वहिनी, तू?"

वहिनीने ट्रे खाली ठेवला. तिचा आवाज बारीक झाला होता, पण तिने खोटं सांगितलं नाही. "किल्ली ह्यांच्या खिशात. मी काच पुसत होते."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि लवकर गेले. दादा रागाने जेवला नाही. वाफ रागाने जेवली, नेहमीपेक्षा जास्तच, आणि गॅलरीत जाऊन बसली. ज्या माणसाच्या घरात ते पुस्तक होतं, ज्याच्या छातीशी त्या पुस्तकाची किल्ली होती, त्याने ते उघडलं नव्हतं, आणि तो वाईट माणूस नव्हता. तेच तर चीड आणणारं होतं. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

सकाळी ती पहिल्या प्रकाशकाकडे गेली आणि एकच विचारलं. "दोन्ही एकदम काढाल? संस्थेला पुठ्ठ्याची द्या, बाकीच्यांना पातळ."

"तशी पद्धत नाही हो."

"मग माझं हस्तलिखित द्या."

"विचार करा. तिकडे गेलात तर तुम्ही लेखिका राहणार नाही. तुम्ही दोरीवरचा माल व्हाल."

"तुमच्या गोडाऊनमधला माल होते, त्यापेक्षा दोरीवर वारा तरी लागेल," ती म्हणाली. हस्तलिखिताला अजून तिनेच बांधलेली नाडी होती, तिचीच गाठ होती. म्हणजे ह्यानेही उघडलं नव्हतं. ती गठ्ठा उचलून तडक बाहेर पडली. थांबली असती तर काहीतरी फोडलं असतं.

तिथून ती छापखान्याच्या वर, मूठ आपटलेल्या त्याच टेबलासमोर जाऊन हो म्हणून आली. मग कापाकापी. गॅलरीत बसून तिने पानं बाजूला काढायला सुरुवात केली. बारीकसारीक वर्णनं गेली, एक मामा गेला, एक पावसाळा गेला. तरीही थोडी पानं जास्त होत होती. वाक्य-वाक्य खरवडून तिची बोटं दुखली, जीव मेटाकुटीला आला. आणि मग तिला दिसलं की शेवटाकडचं एक प्रकरण बरोब्बर तेवढ्याच पानांचं आहे. आई दुसऱ्या दिवशी मुलीच्या वॉर्डात जाऊन तिला काय बोलते, त्याचं. ते काढलं की सगळं जिथल्या तिथे बसत होतं, मापात घडी घातलेल्या चादरीसारखं. आई बोलत नाही, मुकाट परत येते, एवढं ठेवलं. तिने स्वतःची समजूत घातली की न बोलणंच जास्त बोलेल. प्रकरण खणात टाकलं आणि कामावर गेली.

पुस्तक आलं. हाताच्या पंजाएवढं, पातळ, मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची रडणारी बाई. त्यावरून ती पुन्हा एकदा छापखान्याच्या वर जाऊन भांडून आली, काही उपयोग झाला नाही. साप्ताहिकाने दखल घेतली नाही, घेणारही नव्हतं. ग्रंथालयाने घेतलं नाही, कारण टिकणार नाही. पारितोषिकाचा तर प्रश्नच नव्हता. पहिल्या प्रकाशकाने आपल्या लेखकांच्या वार्षिक चहापानाला तिला बोलावणं बंद केलं. दादाने नवं पुस्तक हातात घेतलं, बाईच्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "हे मी कुठे ठेवू?"

"ठेवू नकोस," वाफ म्हणाली. "वाच." तो अजून घुश्शातच होता. पण पुस्तक त्याने खुर्चीवर टाकलं नाही, खिशात घातलं.

धुलाईखान्यात मात्र पुस्तकाची चैन चालली होती. एप्रनच्या खिशात, डब्याच्या पिशवीत, यंत्राच्या झाकणावर. एका प्रतीवर साबणाचं पाणी सांडलं, एकीचं मुखपृष्ठच गेलं, तेवढीच बरी दिसायला लागली. कोणी काही बोलत नव्हतं पण. वाफ जवळून गेली की बायका गप्प व्हायच्या. तिला वाटलं, आवडलं नाही. रात्री झोप लागेना.

मग एका सकाळी रोलरवाली ओले हात एप्रनला न पुसताच तिच्या टेबलाशी आली. पुस्तक इस्त्रीच्या दमटपणाने फुगून दुप्पट झालं होतं, दोन पानं लोंबत होती. तिने ते टेबलावर आपटलं.

"ही आई गप्प का बसली?"

"काय?"

"पोटच्या पोरीने चारचौघांत ओळख दिली नाही, आणि ही ट्रॉली ढकलत परत आली? आणि पुस्तक संपलं? अगं, सगळं पुस्तकभर ही बाई डॉक्टरला दोन शब्द सुनावते, मुकादमाला सुनावते, आणि इथे हिची दातखीळ बसली? ही ती बाईच नाही. मध्ये काहीतरी काढलंयस तू."

वाफेचा चेहरा लाल झाला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चादरीचा तुकडा कापला तर मला कळत नाही होय?"

बाकीच्याही यंत्रं सोडून जवळ आल्या. वाफ ओरडली, "एक प्रकरण होतं! ती दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाते. होतं लिहिलेलं!"

"मग कुठे गेलं?"

"पानं बसत नव्हती! त्यांचे फॉर्म ठरलेले असतात!"

"चादर पुरत नाही म्हणून पेशंटचे पाय कापतेस का तू?"

हे ऐकून एक-दोघी हसल्या. वाफेला हसू आलं नाही. इतके दिवस ती पुठ्ठ्यावर चिडली, कुलपावर चिडली, केसांवर चिडली. आता मात्र ती स्वतःवर चिडली होती, कारण ते प्रकरण कापायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मापात बसलं म्हणून तिने ते कापलं होतं.

"काय बोलते ती वॉर्डात?" घड्यांवरची एक जण म्हणाली. "सांग तरी."

वाफेने सांगितलं. उभ्यानेच, यंत्रांच्या आवाजावरून, अजून रागातच. आई धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डात जाते. मुलगी मोठ्या सिस्टरशेजारी उभी असते. आई गठ्ठा तिच्या हातात देते आणि सगळ्यांदेखत म्हणते, काल मला ओळखलं नाहीस, हरकत नाही, पण संध्याकाळी घरी येशील तेव्हा आई म्हणून हाक मारू नकोस. जिथे मारायची तिथे मार, नाहीतर कुठेच मारू नकोस.

घड्यांवरचीने डोळे पुसले.

"एवढंच?" रोलरवाली म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"घरी नको म्हणते? पोरीला घर तोडते? आई असं नाही म्हणणार. ती म्हणेल, घरी ये, मग बघते तुझ्याकडे."

"ही आई म्हणते! मी ओळखते तिला!"

"तू काय ओळखतेस? तुला पोर आहे? मला आहेत तीन!"

"पोर नसली म्हणून काय झालं? मी तिला लिहिलंय!"

"लिहिलंयस आणि चुकलीस!"

"मी चुकले नाही! ती घर तोडत नाहीये, ती पोरीला वाट दाखवतेय! परत वाच!"

"काय परत वाचू? ते पानच नाही पुस्तकात!"

रोलर रिकामाच फिरत होता, दारात ट्रॉल्या आडव्या लागल्या होत्या, वॉर्डातून चादरींसाठी फोन वाजत होता आणि तो कोणी उचलत नव्हतं. वाफेचा आवाज फाटला होता.

"मग तूच लिही!"

"मी कशाला लिहू? तू लिहितेस ना? मग नीट लिही," रोलरवाली म्हणाली, "आणि परत कापलंस तर बघ."